लांडग्याला गाव दे

डिचोली

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

पौर्णिमेला लांडगा होणाऱ्या मुलावरच्या तुझ्या कादंबरीचं बाड वाचून संपवलं. आधी चांगलं सांगते, कारण पुढं तुला बरंच ऐकून घ्यायचंय. सातव्या प्रकरणात तो मुलगा पहाटे घरी येतो. आई मागीलदारी भांडी घासत बसलेली. ती त्याच्या चिखलानं भरलेल्या पायांकडे बघते, विचारत काहीच नाही, नुसता पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवते. ते पान मी पुन्हा मागं जाऊन वाचलं. तिथं लांडग्याचं नावसुद्धा नाही, तरी अंगावर काटा येतो. बाकीच्या पुस्तकात लांडगा पानोपानी आहे, पण काटा काही येत नाही. असं का व्हावं, याचा विचार करत होते, म्हणून पत्राला उशीर झाला.

मला वाटतं ते असं. मुलगा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, आई तिथलीच, अंगण, पोफळी, वझर सगळं सत्तरीचं. लांडगा मात्र परदेशातून आख्खा उतरलाय, आपलं सामान बांधून. चावा, चांदीची गोळी, टोळीचा म्होरक्या 'अल्फा', धुक्यातला चंद्र. सामान उघडून त्यातलं इथं काय चालेल आणि काय नाही, हे तू पाहिलंच नाहीस.

पहिल्याच पानावर म्हादई नदीकाठच्या रानातून लांडग्यांच्या कळपाचा हेल ऐकू येतो. सत्तरीतल्या वाळपईचा वाचक तिथंच हसेल. लांडगा उघड्या माळाचा प्राणी. सोलापूरकडचं नान्नज, कर्नाटकातली कोरडी गवताळ रानं, जिथं मेंढरं फिरतात तिथला तो. आपल्या ओल्या दाट रानात झुंडीनं शिकार करतात ते कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे, आणि ते हेल काढत नाहीत, शीळ घालतात. पण म्हणून तो हेल खोडू नकोस. शिट्यांच्या रानात एका रात्री भलताच आवाज आला, असं लिही. गावातला एखादा गवळी धनगर ऐकेल आणि म्हणेल, हे आपल्या रानातलं नव्हे, घाटावरचं आहे. चोर्ला घाटाच्या वाटेनं एकटाच खाली आलेला, इथं ना माळ ना मेंढरं, असा लांडगा. आता गोष्टीत काहीतरी घडायला लागलं की नाही?

एकटाच का आला, याचं उत्तर खऱ्या लांडग्यांकडेच आहे, आणि ते तुझ्या 'अल्फा'पेक्षा कितीतरी चांगलं आहे. टोळीत मारामारी करून एक राजा होतो आणि बाकीचे त्याच्यापुढं शेपूट घालतात, ही कल्पना आली ती कोंडलेल्या लांडग्यांवरून. रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या प्राणिसंग्रहालयात त्यांचं निरीक्षण केलं आणि १९४७ साली ते छापलं. डेव्हिड मीच या अमेरिकन संशोधकाच्या १९७० च्या पुस्तकानं ती कल्पना सगळीकडे पोचली. पुढं रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहून १९९९ मध्ये त्याच डेव्हिड मीच यांनी लिहिलं की कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं, दुसरं काही नाही. वयात आलेलं पोर घर सोडतं आणि आपला जोडीदार, आपला मुलूख शोधत एकटं दूर जातं. बारावीनंतर पुण्याला जायचं की इथंच राहायचं, या काळजीत असलेल्या मुलावर तू पुस्तक लिहितेयस. असं असताना तो काळ्या जाकिटातला, डोळे चमकवणारा टोळीप्रमुख तुला कशाला हवा? काढून टाक त्याला. शंभरेक पानं वाचतील, कागदही वाचेल.

आता चंद्र. नवव्या प्रकरणात गुरुपौर्णिमेला तू सत्तरीत लख्ख चांदणं पाडलंयस. अगं, आषाढात आमच्याकडे सूर्य दिसला तरी लोक एकमेकांना फोन करून सांगतात! आधी एक ठरव. तुझा मुलगा चंद्र दिसल्यावर बदलतो की तिथी लागल्यावर? दिसल्यावर बदलत असेल तर पावसाचे चार महिने त्याला सुट्टी. तो सुखावेल, आपण बरे झालो असं समजेल, आणि मग येईल कोजागिरी. सगळी आळी अंगणात, मधे आटवलेलं दूध, आणि ढग नेमके पांगलेले. तिथीवर बदलत असेल तर उलटं. बाहेर मुसळधार पाऊस, वीज गेलेली, चंद्राचा पत्ता नाही, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघत बसलेला मुलगा. दोन्ही चालतील. दोन्ही एकाच पुस्तकात चालणार नाहीत, आणि सध्या तेच झालंय. वर्षाच्या पौर्णिमा पुढ्यात मांड. त्यांच्यात साधारण साडेएकोणतीस दिवसांचं अंतर असतं, आणि अधिक महिना आला की वर्षात तेरावी येते. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे. बारांचा हिशेब करून बसलेल्या मुलाला तेरावीनं गाठणं हे तर तुला आयतंच मिळालंय.

आणखी एक. तुझ्या पुस्तकात पौर्णिमेच्या रात्री चिटपाखरू नसतं. गोव्यात असं कधी पाहिलंस? त्रिपुरारीला साखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटीच्या काठावर पाय ठेवायला जागा नसते, सगळे नौका बघायला जमलेले. आणि खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत, तर पौर्णिमा कामाची रात्र. एकदा चोडणकडच्या एखाद्या बांधावर जाऊन मानस, म्हणजे बांधातली पाण्याची मोरी, चाललेली बघ. तिची लाकडी दारं भरतीच्या दाबानं आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्यानं उघडतात. तोंडाशी लांबट पिशवीसारखं जाळं बांधलेलं असतं. पाणी घोंघावत बाहेर पडतं आणि सुंगटं, शेवटे, काळुंद्रं त्यात येऊन अडकतात. पुनवेच्या नि अवसेच्या आसपास पाण्याची चढउतार मोठी, म्हणून मासळीही तेव्हाच. लिलावात पैसे मोजून मानस घेतलेला माणूस त्या रात्री झोपून कसा राहील? तर तुझा लांडगा जीव खाऊन धावत बांधावर येतो आणि समोर गुडघाभर ओला, कपाळाला बॅटरी बांधलेला माणूस. तो काय करील? किंचाळणार नाही. "हाड!" म्हणेल आणि जाळ्याकडे वळेल. इतका वेळ स्वतःला राक्षस समजणाऱ्या पोराला कुणीतरी गावचं कुत्रं समजलं! हे लिहिलंस तर मुलं हसतील, आणि हसलेली मुलं पुढच्या पानावर जास्त घाबरतात.

चांदीचं थोडक्यात सांगते. चांदीच्या गोळीनंच लांडगामाणूस मरतो, ही काही फार जुनी पोथीतली गोष्ट नव्हे. फ्रान्समधल्या जेव्होदाँच्या श्वापदानं १७६४ ते १७६७ या काळात माणसं मारली, तिथं चांदीची गोळी नंतरच्या सांगणाऱ्यांनी घातली, आणि चांदीला सगळीकडे नेलं ते १९४१ सालच्या हॉलिवूडच्या एका चित्रपटानं. तेव्हा नियम बदलायला तू मोकळी आहेस. पण ठेवणार असशील तर बंदुकीत ठेवू नकोस, घरात ठेव. आपल्याकडे चांदी देव्हाऱ्यात असते, पैंजणांत असते, बाळाच्या वाळ्यांत असते. बहिणीच्या मुलीचं बारसं आहे, सगळे म्हणतायत घे ना रे मामा, घे की तिला, आणि हा हात मागं घेतोय. गोळीपेक्षा ते जास्त लागेल.

आता जरा रागावते. देवचाराला तू खलनायक केलंयस. तांबडे डोळे, सुळे, रक्त. हे कुठून आणलंस? आपल्याकडे तो राखणदार आहे. खांद्यावर घोंगडी, हातात दांडा, रात्रभर गावची शीव फिरतो, आणि फिरून फिरून वहाणा झिजतात म्हणून लोक त्याला नव्या वाहतात, रोट देतात. तुझी आजी देत असेल, विचार तिला. विश्वास ठेव अगर ठेवू नकोस, पण नीट विचार केलास तर तुझ्या लक्षात येईल की तुझ्या लांडग्याला सगळ्यात आधी तोच भेटायला हवा. शिवेवर रात्री फिरण्याचा हक्क ज्याचा, त्याच्या वाटेवर एक नवीन पायांचा माग उमटलाय. तो याला हाकलेल? हटकेल? की नुसता सोबत चालेल, थोडं अंतर राखून? मला तिसरं जास्त भीतीदायक वाटतं.

आणि साल गावची गड्यांची जत्रा. गावाचं नाव तेवढं बदललंस आणि बाकी जवळजवळ जशीच्या तशी उचललीस. आम्ही डिचोलीकर ती लगेच ओळखतो. होळीच्या पौर्णिमेला उघड्या अंगानं, धोतर नेसून ते गडे अवसर येऊन, म्हणजे अंगात संचार होऊन, रानाकडे धावतात, लांब डोंगरावर दिसणारी चूड देवचाराची म्हणून तिच्यामागं जातात. त्यांचं ते व्रत आहे, आणि त्यांची घरं तिथंच आहेत. तुझ्या प्रकरणात त्यातला एक गडी लांडगा होऊन दुसऱ्याचा गळा फोडतो. ते काढ. भीतीपोटी म्हणत नाही मी हे. तिथली मोलाची गोष्ट तू पाहिलीच नाहीस, म्हणून म्हणतेय. देवचारानं लपवलेल्या गड्याला बाकीचे गडे शोधून परत आणतात, असं तिथं मानतात. म्हणजे रात्री रानात धावत सुटलेल्या माणसाला परत आणायची रीत आपल्याकडे आहे. मग तुझ्या मुलाला आणायला कोण जातं? पूर्ण पुस्तकात कुणीच जात नाही. आई जात नाही, मित्र जात नाहीत, तो आपला आपण येतो आणि आपला आपण जातो. म्हणूनच ती तांब्याची जागा एवढी लखलखते. तिथं एकदाच कुणीतरी त्याच्यासाठी जागं राहिलेलं असतं. माझ्या मते तुझी कादंबरी त्या पानापासून सुरू होते. आधीची सहा प्रकरणं जिन्यासारखी आहेत, चढून झाल्यावर काढता येतात.

युरोपातलंच काही हवं असेल तर पोर्तुगीजांचा लोबिझोमेम, म्हणजे लांडगामाणूस, बघ. ते गोव्यात साडेचारशे वर्षं होते, त्यांची भुतं निदान ओळखीची तरी. लागोपाठ सात मुलगे झाले की सातव्यावर ही पाळी येते, आणि ती टळावी म्हणून बाप्तिस्म्याला थोरल्या भावानं धाकट्याचा धर्मपिता व्हायचं, असा तिकडचा समज. चावा नाही, शत्रू नाही, नुसता घरातला एक विसरलेला विधी. नायकाचा तो ख्रिस्ती मित्र सध्या फक्त बाइक चालवतो. त्याच्या आजीला ही गोष्ट सांगू दे.

तुझ्या नायिकेचं काय करायचं? तिच्या अंगाला सुवास येतो, तिचे केस उडतात, आणि लांडगा तिच्या खिडकीखाली रात्रभर उभा राहतो, ते तिला आवडतं. खिडकीखाली रात्रभर उभा राहणारा मुलगा मला माणसाच्या रूपातही चालला नसता. सोळा वर्षांच्या मुली हे वाचणार आहेत. तिला खिडकी बंद करता येऊ दे, आणि तिचं स्वतःचं काहीतरी काम दे. मानशीवरच्या माणसाची मुलगी असेल तर? भरती-ओहोटीचं गणित तिला येतं, म्हणजे पौर्णिमेचंही येतं. त्याच्याआधी तिलाच सगळं कळेल.

भाषेबद्दल एवढंच की निवेदनातलं तुझं मराठी छान आहे, पण वाळपईची पोरं पुण्याच्या कट्ट्यावर बसल्यासारखी बोलतात. घरात ही माणसं कोंकणीच बोलणार. "खंय आशिल्लो रे रातभर?" एवढं आईच्या तोंडी आलं की बास, अर्थ खाली द्यायची गरज नाही. मराठी-कोंकणीच्या वादात पडणारे पडोत, तुझ्या पात्रांना त्यात पडायला वेळ नाही.

प्रकाशकाचं विचारलं होतंस. छापायचे पैसे तुझ्याकडे मागितले तर घाई करू नकोस, आणि करार वाचल्याशिवाय सही करू नकोस. लिहिल्याक्षणी हक्क तुझाच, त्यासाठी नोंदणी लागत नाही. तो तुझ्या हयातीत आणि पुढं ६० वर्षं राहतो. हक्क किती मुदतीसाठी देतेस ते करारात लिहिलेलं असू दे. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, पण लोक "कायमस्वरूपी" असा शब्द हळूच घालतात, तिथं बोट ठेवायचं. श्राव्य पुस्तक, वेबमालिका, भाषांतर हे हक्क पुस्तकाबरोबर फुकटात जाऊ देऊ नकोस. आणि कव्हरवर "तीन भागांतला पहिला" असं छापून घेऊ नकोस. हा एक भाग उभा राहिला तर दुसरा लोकच मागतील.

चतुर्थी आटोपली की ये, तांब्यापासून सुरू होणारं नवं पहिलं प्रकरण घेऊन. छापून आण, पडद्यावर माझे डोळे दुखतात. आणि तिसऱ्या प्रकरणात रात्री साडेअकराला पणजीहून वाळपईला कदंबची बस सोडलीयस, तेवढं वेळापत्रक आधी स्टँडवर बघून घे.

तुझी,
बाई