पंचविसाव्या वाढदिवसाला समुद्रावर

प्रश्न : येत्या डिसेंबरात आमच्या लग्नाला २५ वर्षं होतात. मुलांनी क्रूझचा हट्ट धरलाय. ह्यांचे गुडघे दुखतात, मला तर गगनबावड्याच्या घाटातही मळमळतं. कुठली घ्यावी?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, जरूर जा. पावसाळा सरला की अरबी समुद्र बराच शांत असतो, त्यामुळे डिसेंबर उत्तम. पहिल्या खेपेला मुंबई-गोवा अशी दोन-तीन रात्रींचीच घ्या. लक्षद्वीप सुंदर आहे, पण तिथं मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही. भर पाण्यात लहान बोटीत उतरावं लागतं. दुखऱ्या गुडघ्यांना ते नको.

खोली मात्र नीट निवडा. जहाज डुलतं ते टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त. म्हणून मधली, खालच्या डेकवरची, लिफ्टजवळची खोली मागा. आम्ही स्वस्तात मिळाली म्हणून पुढच्या टोकाची, बिनखिडकीची घेतली होती. रात्रभर हँगरवरची माझी पैठणी लंबकासारखी हलत होती आणि मी आवळासुपारी चघळत बसले होते. तुम्ही खिडकी घ्याच. पहाटे दोघांनी चहाचा कप धरून पाणी उजळताना पाहायचं, त्यासाठीच तर जायचं! मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून जहाज सुटण्याआधीच घ्या.

महालक्ष्मी एक्सप्रेसनं सीएसएमटीला उतरलात की क्रूझ सुटते तो धक्का, बॅलार्ड पियर, जवळच आहे. पण गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही, तेव्हा आदल्या दिवशीच मुंबई गाठा.