आईची उपाशीपोटीची साखर १०८ आली, पण एचबीएवनसी ८.२ आहे. यातलं खरं काय मानायचं?

दोन्ही खरे. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. हेच दोन आकडे शेजारी शेजारी बघून गोंधळलेली माणसं आमच्या काउंटरवर नेहमी येतात.

उपाशीपोटीची साखर त्या सकाळपुरती असते. आदल्या रात्री आई लवकर आणि हलकं जेवल्या असतील तर ती कमी दिसू शकते. एचबीएवनसीवर एका रात्रीच्या पथ्याचा परिणाम होत नाही. रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते ती पेशी संपेपर्यंत, आणि पेशीचं आयुष्य असतं साधारण १२० दिवस. म्हणून किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटलीय ते मोजलं की मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब कळतो. त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा जवळपास निम्मा. नुसती एचबीएवनसी करायची असेल तर उपाशी यायची अजिबात गरज नाही. वयस्कर माणसं चहाही न घेता तासन् तास बाकावर बसून राहतात, मला ते बघवत नाही.

एचबीएवनसी ५.७ च्या खाली नॉर्मल, ६.५ आणि वर मधुमेह, मधले उंबरठ्यावरचे. ८.२ म्हणजे सरासरी साखर १८९ च्या आसपास. सकाळी १०८ आणि सरासरी १८९, याचा अर्थ बहुतेक जेवणानंतर साखर बरीच चढतेय. तेव्हा जेवणानंतरची, म्हणजे पीपी, तपासून घ्या. पहिल्या घासापासून दोन तास मोजायचे. त्या दिवशी मुद्दाम भात सोडू नका, रोजचंच जेवण जेवू दे. गोळी चालू असेल तर तीही नेहमीसारखीच.

त्याआधी आईंचं हिमोग्लोबिन किती आहे ते बघा. आपल्याकडच्या बायकांमध्ये हे फार महत्त्वाचं आहे. लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असेल तर एचबीएवनसी खोटीच वाढलेली दिसू शकते. उलट, नुकताच रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढवलं असेल तर ती खोटीच कमी येते. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे, म्हणजे तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचे, पेशंट बरेच आहेत. त्यांच्या बाबतीत तर या आकड्यावर विसंबूच नये, डॉक्टर फ्रुक्टोसामाइन (साखरेचीच दुसरी रक्ततपासणी) किंवा घरच्या ग्लुकोमीटरच्या नोंदी बघतात. असं काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, ते विचारतील म्हणून थांबू नका.

रिपोर्ट बघून घरच्या घरी गोळी वाढवू मात्र नका. साधारणपणे ७ च्या खाली आणायचं म्हणतात, पण वय जास्त असेल, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर ८ पर्यंतही चालवून घेतात, कारण साखर एकदम खाली जाणं त्यांना जास्त धोक्याचं. औषध बदललं तर पुढची एचबीएवनसी तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये करा. पंधरा दिवसांत केलीत तर बहुतेक जुन्याच पेशी मोजल्या जातील आणि पैसे वाया जातील.