चार्जशीट मुलीला वाचायला द्या

पत्राचा सारांश: मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय अर्थशास्त्र, आतापर्यंतचे गुण ५८ टक्के. तिला कामगार कायदा शिकून युनियनचे काम करायचे आहे. वडील स्वतः कारखान्यात युनियनच्या कमिटीवर होते; त्यांना चार्जशीट (कंपनीचे आरोपपत्र) देऊन निलंबित केले गेले आणि चौकशी चौदा महिने चालली. मुलीला हे त्यांनी सविस्तर कधी सांगितलेले नाही. नव्या कायद्याने युनियन संपवलीच आहे, तेव्हा तिने एमबीए करून एचआरमध्ये जावे, आणि हे आम्ही तिला वडिलांचे नाव न घेता पटवून द्यावे, अशी त्यांची विनंती आहे.

आपले पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा शेवटच्या विनंतीपाशी थांबलो. ती मला मान्य करता येणार नाही. मुलीच्या ५८ टक्क्यांची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती याची, की ज्या विषयाचा प्रत्यक्ष साक्षीदार तिच्या घरात आहे तो विषय ती पुस्तकांतून आणि भाषणांतून निवडते आहे, आणि तो साक्षीदार स्वतः बोलण्याऐवजी एका अनोळखी माणसाला पुढे करतो आहे. चौदा महिने अर्ध्यामुर्ध्या पगारात घर कसे चालले, गेट मीटिंगला येणारे सहकारी हळूहळू नजर का चुकवू लागले, हे तिला ठाऊक नसेल, तर आपला विरोध तिला केवळ हट्ट वाटेल, आणि त्यात तिची चूक नसेल.

आता आपला गैरसमज. ‘कायद्याने युनियन संपवली’ हे खरे नाही. संघटना स्थापन करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये आहे आणि तो तसाच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने बदलली आहे ती मान्यतेची मोजणी. एका कारखान्यात एकाहून अधिक युनियन असतील, तर मस्टरवरील, म्हणजे कंपनीच्या हजेरीपटावरील, ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी वाटाघाटी करते. तेवढा पाठिंबा कोणाकडेच नसेल, तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या युनियनांची वाटाघाटी परिषद बनते. महाराष्ट्राच्या १९७१च्या मान्यता कायद्यात ही अट ३० टक्क्यांची होती. मस्टरवर ४०० नावे असतील तर १२० ऐवजी २०४ सदस्यत्वाच्या पावत्या फाडाव्या लागणार, एवढाच हा फरक वरवर दिसतो. पण खरी मेख ‘मस्टर’ या शब्दात आहे, कारण ठेकेदाराकडचा कामगार त्याच मशीनवर उभा असला तरी त्याचे नाव कंपनीच्या मस्टरवर नसते, आणि मुदतबंद नेमणुकीवरच्या कामगाराचे नाव असले तरी नूतनीकरण तोंडावर आलेले असताना तो पावती घेण्यापूर्वी दहादा विचार करतो. संपाचेही तसेच आहे. केंद्राच्या जुन्या कायद्यात संपाची १४ दिवसांची नोटीस केवळ लोकोपयोगी सेवांना बंधनकारक होती, आता ती सर्वच उद्योगांना आहे, आणि निम्म्या कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. शिवाय कामगारकपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली आहे. दोनशे कामगारांच्या कारखान्यात पावती घेताना हात का थरथरतो, हे आपल्याला मी सांगायला नको.

याचा अर्थ काम अवघड झाले, आणि ते मी मुलीपासून लपवणार नाही. पण एक बाजू आपल्या नजरेतून सुटली आहे. तीन जुने कायदे एकत्र करून ही संहिता झाल्यामुळे पंचवीस वर्षे कामगार न्यायालयात काढलेल्या वकिलालाही आता नवी कलमे, नवे नियम आणि दोन सदस्यांची न्यायाधिकरणे पहिल्यापासून शिकावी लागणार आहेत. नवख्या मुलीला ज्येष्ठांबरोबर एकाच पानावरून सुरुवात करण्याची अशी वेळ या क्षेत्रात क्वचितच येते.

एचआर म्हणजे या साऱ्यापासून दूर, सुरक्षित खोली, असे आपण मानता. वेतनकराराच्या टेबलावर युनियनच्या समोर बसतो तो एचआरचाच माणूस, आणि आपल्या चार्जशीटवर सही करणारा अधिकारीही बहुधा त्याच विभागातला असेल. तिने कोणत्या बाजूला बसावे हे ती ठरवील. कायदा दोन्ही बाजूंना लागतो. युनियनच्या बाजूला पहिली काही वर्षे पैसा बेताचाच मिळतो, हेही तिला माहीत असू द्या.

मार्ग सरळ आहेत: राज्य सीईटीमधून तीन वर्षांचे एल.एल.बी., ज्याला खुल्या प्रवर्गात ४५ टक्के पुरतात, किंवा परळच्या नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेतील पदव्युत्तर अभ्यासक्रम.

आपली चौकशी चौदा महिने चालली. नव्या संहितेनुसार निलंबित कामगाराची चौकशी साधारणतः ९० दिवसांत संपवायची आहे, मात्र ती तरतूद संहितेच्या ज्या प्रकरणात आहे ते किमान ३०० कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. आपला कारखाना त्यात बसला असता का, हे मुलीला काढायला सांगा. त्यासाठी तिला आपली चार्जशीट, खुलासा आणि चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल लागेल. हे कागद आपण फेकून दिले असतील असे मला वाटत नाही.