नेढं का दिसत नाही?

प्रश्न : माझं वय ७१. तरुणपणी राजगड सतरा वेळा केला. आता दोन्ही गुडघे बदललेत, गड बंद. नातवानं संगणकावर फ्लाइट सिम्युलेटर (विमान उडवायचा खेळ) लावून दिला आणि मी हौसेनं राजगडावर गेलो. डोंगर लांबूनच ओळखला. पण जवळ गेलो तर सुवेळा माचीचं नेढं (खडकातलं आरपार भोक) नाही, संजीवनीची तटबंदी नाही, बालेकिल्ला म्हणजे नुसता मातीचा ढीग. मन खट्टू झालं. हे सगळं खोटंच असतं का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : खोटं नाही. पण त्यात मोजलेलं काय आणि अंदाजानं भरलेलं काय, हे माहीत असायला हवं.

मी ३१ वर्षं पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. धरणाचं पाणी कुठवर चढेल, कुठलं शिवार बुडेल, हे कंटूरच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, रेषांवरून काढायचं, हे माझं काम. १:५०,०००च्या टोपोशीटवर, म्हणजे उंचसखलपणा दाखवणाऱ्या नकाशावर, दोन कंटूरमध्ये २० मीटरची चढण असते. सिंहगड ४७ एफ/१५ क्रमांकाच्या शीटवर, तोरणा ४७ एफ/११ वर, आणि तुमचा राजगड नेमका शीटच्या शिवेजवळ. त्यामुळे तो बघायचा तर दोन शीट शेजारी शेजारी पसरावी लागत. सिम्युलेटरमधली जमीन पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती ओळखीची वाटली, कारण तीही उंचीच्या आकड्यांवरच उभी असते.

फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर हे अवकाशयान ११ दिवस पृथ्वीभोवती फिरत होतं. त्याला ६० मीटर लांबीचा दांडा जोडलेला होता. रडारची एक अँटेना यानात आणि दुसरी त्या दांड्याच्या टोकाला. उत्तरेच्या ६० अक्षांशापासून दक्षिणेच्या ५६ अक्षांशापर्यंतच्या जमिनीची उंची त्यांनी मोजली. साधारण दर ३० मीटरला एक आकडा. घरी चालणाऱ्या अनेक सिम्युलेटरांमधले डोंगर अशाच आकड्यांवर रचलेले असतात, आणि त्यांच्यावर वरून काढलेला फोटो चादरीसारखा अंथरलेला असतो.

आता संजीवनी माची डोळ्यांपुढे आणा. दुहेरी तटांमधल्या बोळातून तुम्ही गेला आहात. दोन माणसं शेजारून चालायची पंचाईत. ३० मीटरच्या चौकटीत त्या तटांची आणि बोळाची अख्खी रुंदी एका आकड्यात संपते. नेढं तर त्यात बसूच शकत नाही. या पद्धतीत एका जागेला एकच उंची देता येते. खडकाला आरपार भोक म्हणजे त्याच जागी तीन उंच्या झाल्या : भोकाचा तळ, भोकाचं छत आणि वरचा माथा. संगणक वरचा माथा ठेवतो, बाकीचं बुजवतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचंही तेच. त्याचं आत गेलेलं पोट भरून निघतं आणि उरतो एक तीव्र उतार. यात संगणकाचा दोष नाही. आमच्या कंटूरनाही नेढं कधी काढता आलं नाही. कड्यापाशी रेषा एकमेकींवर चढायला लागल्या की आम्ही त्या थांबवायचो आणि कड्याची खूण काढायचो.

घरं-देवळंही अंदाजाचीच. काही मोठ्या शहरांचे विमानातून शेकडो फोटो काढून इमारती हुबेहूब उभ्या केलेल्या असतात. बाकी ठिकाणी फोटोत छपरासारखं काही दिसलं की तिथे एक घर ठेवलं जातं. माझ्या पडद्यावर पद्मावती माचीवर चक्क दुमजली बंगला उभा होता, गॅलरीसकट. मला ते फार लागलं. आठवडाभर मी तिकडे फिरकलो नाही.

मग एका संध्याकाळी उंचावरून गेलो आणि तेव्हा राजगड दिसला. तुम्हीही तसंच करा. थेट गडावर उडी मारू नका. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून निघा, नैऋत्येला तोंड करा. उजव्या हाताला खडकवासल्याचं पाणी येईल. ३० किलोमीटरवर सिंहगड आणि तिथून पुढे १५ किलोमीटरवर राजगड. छोटं सेस्ना विमान १०० नॉटच्या (ताशी सुमारे १८५ किलोमीटर) वेगानं नेलंत तर उण्यापुऱ्या पंधरा मिनिटांचा प्रवास. घड्याळ डिसेंबरातल्या संध्याकाळी साडेपाचवर लावा. नकाशावर डोंगर उठावदार दिसावेत म्हणून आम्ही एका बाजूनं तिरपा उजेड धरून छाया द्यायचो. इथे ते काम मावळता सूर्य करतो. भर दुपारी गेलात तर सगळा मुलूख सपाट दिसेल.

त्या उजेडात उत्तरेला पद्मावती, पूर्वेला सुवेळा, नैऋत्येला संजीवनी अशा तीन बाजूंना फाकलेल्या तीन माच्या आणि मधोमध वर काढलेला बालेकिल्ला एका नजरेत येतो. एका बाजूला गुंजवणीचं खोरं, दक्षिणेला भाटघरचं पाणी, पश्चिमेला हाकेच्या अंतरावर तोरणा. सतरा वेळा पायी जाऊनही हे असं एकत्र तुम्ही पाहिलेलं नसेल, कारण गडावर उभं राहिलं की गडच दिसत नाही. ही जागा का निवडली असेल, ते मला नकाशावर जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या पंधरा मिनिटांत कळलं. नेढं तुमच्या आठवणीत आहे, ते तिथे बसवा. नातवाला शेजारी घेऊन बसा आणि कुठे काय आहे ते बोटानं दाखवा. त्याला पडद्यावर नुसता ढीग दिसतोय. तिथे काय आहे ते तुम्हीच सांगू शकता.

एक राहिलं. सह्याद्री असा करपलेला का, असंही तुमच्या मनात आलं असेल. पावसाळ्यात वर ढगांचं झाकण असतं, फोटो निघत नाहीत. म्हणून अंथरलेले फोटो बहुधा कोरड्या दिवसांतले. श्रावणातला हिरवा राजगड त्यात शोधू नका.

प्रश्न : काका, मी आठवीत आहे. पुण्याच्या धावपट्टीवर विमान उभं असतानाच उंचीचा काटा १९०० च्या पुढे दाखवतो. तो बिघडलाय का? मी ४००० फुटांवरून तोरण्याला गेलो आणि डोंगरावर आदळलो.
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : काटा अगदी बरोबर आहे, बाळा. अल्टिमीटर जमिनीपासूनची नाही, समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. पुण्याची धावपट्टीच मुळात समुद्रसपाटीपासून सुमारे १९४० फुटांवर आहे. म्हणजे काटा ४००० दाखवत होता तेव्हा तू पुण्याच्या जमिनीपासून जेमतेम दोन हजार फूट वर होतास. तोरणा १४०३ मीटर, म्हणजे ४६०० फूट. तू त्याच्या माथ्यापेक्षा सहाशे फूट खालून चालला होतास, मग दुसरं काय होणार? ५५०० वर जा. आणि निघण्याआधी वाटेतल्या सगळ्या डोंगरांच्या उंच्या वहीत लिहून घे, मीटरमध्ये असतील तर ३.२८ नं गुण. भूगोलाच्या बाईंना ती वही दाखव.

प्रश्न : महागडा संगणक न घेता हे करता येईल का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : येईल. गूगल अर्थ प्रो फुकट आहे आणि त्याच्या टूल्स मेनूत फ्लाइट सिम्युलेटर आहे. दोन विमानं मिळतात, त्यातलं एसआर२२ हे छोटं विमान घ्या. एफ-१६ लढाऊ विमान आहे, त्याच्या वेगात परभणी कधी आली नि कधी गेली कळणार नाही. जॉयस्टिक नसली तरी चालतं. जरा बरा संगणक असेल तर फ्लाइटगिअर हा सिम्युलेटर, तोही फुकट.

प्रश्न : माझी मुलगी समुद्रावरून मुंबईत येते आणि दर वेळी सांताक्रूझऐवजी जुहूच्या धावपट्टीवर उतरते. ती रडकुंडीला आली आहे. ओळखायचं कसं?
– एक आई, ठाणे

उत्तर : तिला सांगा की ही चूक खऱ्या वैमानिकांनीही केली आहे. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअर लाइन्सचं डीसी-८ हे मोठं प्रवासी विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं आणि धावपट्टी संपून पुढे गेलं. कुणाचा जीव गेला नाही. दोन्ही धावपट्ट्या जवळपास एकाच दिशेच्या, एकमेकींपासून तीन-चार किलोमीटरवर, आणि समुद्राकडून येताना जुहू आधी लागतं.

ओळख सोपी आहे. वाळू ओलांडल्या ओलांडल्या जी लागते ती जुहूची, जेमतेम अकराशे मीटरची. सांताक्रूझची तिच्या तिप्पट लांब, आणि तिला दुसरी धावपट्टी तिरकी छेदून जाते. ही फुली दिसेपर्यंत चाकं खाली टेकवायची नाहीत.

आणि एकदा तिला मुद्दाम जुहूला उतरू द्या. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादला थांबून, एका इंजिनाच्या छोट्या पस मॉथ विमानानं याच जुहूला उतरले. ५० वर्षांनी, वयाच्या ७८व्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास लेपर्ड मॉथमधून पुन्हा केला. अहमदाबादहून निघायला सांगा. उजवीकडे समुद्र, डावीकडे रेल्वेचे रूळ. नर्मदेचं रुंद मुख, सुरतेपाशी तापी, मग दमण, वैतरणा, वसईची खाडी. वाटेतली प्रत्येक नदी ओळखून तिनं कागदावर टिक करावी. सेस्नानं दोन तास लागतील, डबा भरून द्या. खाडी ओलांडली की वेग कमी करायचा, पंखांच्या मागच्या झडपा (फ्लॅप) खाली, ६५ नॉट. विमान अकराशे मीटरच्या आत थांबलं का, ते मला पत्रानं जरूर कळवा.