ट्रेनर ते कौशल्य अधिकारी, रस्ता कुठून जातो?

प्रश्न: ताई, मी शहाद्याचा, वय २९. आयटीआय इलेक्ट्रिशियन केलं, नंतर मुक्त विद्यापीठातून बीए. सध्या एका कौशल्य केंद्रावर कंत्राटी ट्रेनर आहे. पोरं शिकतात, सर्टिफिकेट घेतात आणि नंदुरबारहून सुरतची गाडी धरतात. मला वाटतं जिल्ह्याचं हे काम आपल्या हातात यावं. एमपीएससी करू की आहे तिथेच टिकू?

उत्तर: भाऊ, दोन्ही करा, पण नोकरी सोडून पुण्याला क्लास लावायला जाऊ नका. जिल्ह्यात हे काम दोन ठिकाणी वाटलंय. रोजगार मेळावे, सरकारच्या ‘महास्वयं’ रोजगार पोर्टलवरची नोंदणी वगैरे जिल्हा कौशल्य विकास केंद्र बघतं, ज्याला आपल्याकडचे जुने लोक अजून एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच म्हणतात, आणि तिथे मोठे साहेब म्हणजे सहायक आयुक्त. त्यांच्या खात्यातलं मार्गदर्शन अधिकारी, गट ब हे पद राज्यसेवेतून भरलं गेलंय. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते, वय खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३ पर्यंत. पण दरवर्षी जागा निघतीलच असं नाही.

दुसरं ठिकाण आयटीआय. सीआयटीएस हा आयटीआयत शिकवणाऱ्यांसाठीचा एक वर्षाचा कोर्स करून शिल्प निदेशक, म्हणजे आयटीआयचा शिक्षक, मग गटनिदेशक, पुढे प्राचार्य. वेळ लागतो, पण वर्कशॉपमधून वर गेलेला माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो.

आता खरी गोष्ट सांगते, खुर्ची कुठलीही मिळो, काम मालक आणि पोरगं यांच्या मधल्या जागेतच आहे आणि ते तुम्ही आजपासून शिकू शकता. जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यातले एक सुपरवायझर मला म्हणाले, सर्टिफिकेट राहू द्या, रात्री पॅनल ट्रिप झाला तर कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा स्विच, बदलणारा पोरगा द्या. असा पोरगा दिला तरी तो महिनाभरात पळतो, कारण नाईट शिफ्टला एसटी नसते, जवळच्या कुसुंब्याला खोली घ्यायची तर पहिला पगार व्हायच्या आधी डिपॉझिट कुठून आणणार? हे मेळाव्याच्या रिपोर्टमध्ये येत नाही, तिथे फक्त ऑफर लेटर किती दिले तेवढं येतं. म्हणून तुमच्या बॅचच्या पोरांना तीन महिन्यांनी फोन करा, कोण टिकला, कोण परत आला, का आला, सगळं वहीत लिहा.

दुसरं, अ‍ॅप्रेंटिसचा कायदा नीट वाचा. १९६१ चा आहे, ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला अडीच ते पंधरा टक्के अ‍ॅप्रेंटिस घ्यावेच लागतात. मालकाकडे नोकरी मागायला जाण्यापेक्षा हे घेऊन गेलात तर बोलणं वेगळं होतं, आणि पोराला गावाजवळच स्टायपेंडवर काम मिळतं.

सीआयटीएसचे अर्ज ऑनलाइन निघतात, मुंबईत चुनाभट्टीला एनएसटीआय, म्हणजे राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था आहे, यंदा फॉर्म भराच. राज्यसेवेची जाहिरात आली की आधी पदांच्या यादीत मार्गदर्शन अधिकारी हे पद आहे का ते बघा, नसेल तरी पूर्व परीक्षा द्या.