जीव आणि जाणीव: आधी प्रश्न सुटे कर

अगं, तुझा लांबलचक मेल वाचला. निर्जीव अणूंतून जीव कसा आला आणि त्यातून जाणीव कशी आली, हे तू एका दमात विचारलंयस, पण हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्हीकडची प्रगती अजिबात सारखी नाहीये. एकत्र धरलेस तर यूट्यूबवरच्या 'क्वांटम चेतना'वाल्यांच्या हाती लागशील.

रसायनशास्त्रज्ञ मिलरचा 1953 चा प्रयोग तुला पाठच असेल, मिथेन, अमोनिया, हायड्रोजन, पाण्याची वाफ, त्यात ठिणग्या, आणि आठवड्याभरात पाणी लाल होऊन त्यात अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांच्या विटा. बहुतेक जण इथेच थांबतात. पण अमिनो आम्लं बनणं हा अवघड भागच नाही गं, 1969 ला ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या उल्केतही ती सापडली, सत्तरच्या वर प्रकार! (जीव अशाच रसायनांच्या पातळ 'सूप'मधून आला, ही कल्पना 1929 मध्ये मांडणारे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ हॉल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले, 1964 ला भुवनेश्वरलाच वारले, आपल्याकडे हे कुणी सांगतच नाही.)

खरी अडचण ऊर्जेची. सूप कितीही भारी असू दे, एकदा समतोल झाला की खेळ खल्लास, जिवंत राहायला ऊर्जा सतत वाहती लागते. म्हणून लॉस्ट सिटीबद्दल वाच. 2000 साली अटलांटिकच्या तळाशी सापडलेली पांढऱ्या चुनखडीची धुराडी, काही 60 मीटर उंच, त्यातून कोमट-गरम अल्कधर्मी पाणी आणि हायड्रोजन बाहेर येतो. जीव आला तेव्हाचा समुद्र आजच्यापेक्षा आम्लधर्मी होता, म्हणजे अशा धुराड्याच्या आत एक पीएच (आम्लतेचं माप), बाहेर दुसरा, मध्ये पातळ भिंत, आणि प्रोटॉनच्या अशाच फरकावर तुझ्या पेशीतलं मायटोकॉन्ड्रिया आत्ता एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनवतंय. जीव अशा धुराड्यांत सुरू झाला, ही बाजू मला जास्त पटते. पण पाण्यात आरएनएच्या (डीएनएसारखाच माहिती साठवणारा रेणू) साखळ्या तुटतात, असं या बाजूचे विरोधक म्हणतात, ते उगाच नाही. रसायनशास्त्रज्ञ सदरलंडच्या टीमने 2009 ला आरएनएचे दोन घटक साध्या रेणूंपासून बनवून दाखवले, फॉस्फेट आणि अतिनील प्रकाश वापरून, तेही वाच, एकाच पार्टीत जाऊन बसू नकोस.

आता जाणीव. इथे मी हात आखडता घेते. ई. कोलाय हा जिवाणू पोहताना साखर वाढतेय का घटतेय ते 'काही सेकंदांपूर्वी'शी ताडून बघतो, वाढत असेल तर सरळ जातो, नसेल तर गिरकी घेऊन दिशा बदलतो, आणि ही आठवण म्हणजे साखर ओळखणाऱ्या रिसेप्टर प्रथिनांवर चिकटलेले मिथाइल गट (छोटे रासायनिक तुकडे), बस. मज्जातंतू नाहीत, तरी आठवण आहे. याला मी जाणीव म्हणणार नाही. दुसऱ्या टोकाला सी. एलिगन्स नावाची अळी, 302 न्यूरॉन्स, सगळ्या जोडण्यांचा नकाशा 1986 लाच छापून आलाय, तरी तिला काही 'वाटतं' का हे त्या नकाशावरून कुणालाच सांगता येत नाही. तेव्हा कुणी 'चेतनेचं कोडं सुटलं' म्हणालं की ऐकून घे आणि सोडून दे.

सुट्टीत फिलॉसॉफी वाचण्याआधी थर्मोडायनॅमिक्स पक्कं कर, खरंच. आणि कॉलेजच्या लॅबमध्ये विचारून बघ: ओलिक आम्लाचा (एक मेदाम्ल) थेंब साधारण 8.5 पीएचच्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घालून नीट ढवळायचा, मग स्लाइडवर घ्यायचा. पोकळ गोल पिशव्या दिसतील, आपोआप बनलेल्या, पेशीच्या पडद्यासारख्या. फेज कॉन्ट्रास्टचा मायक्रोस्कोप मिळाला तर उत्तम, साध्यात धूसर दिसतात. पीएच आठच्या खाली गेला तर तेलाचे थेंबच राहतील, तेव्हा आधी मोजून घे, आणि फोटो पाठव.