शेवाळ घासून घासून हात दुखले, तरी परत येतंच!

प्रश्न: माझा 60 लिटरचा प्लांटेड टँक (पाण्यातली झाडं लावलेला फिशटँक) आहे, दीड वर्ष झालं. झाडांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) वगैरे सोडत नाही, साधीच झाडं आहेत, अनुबियास, जावा फर्न, थोडं वॅलिस्नेरिया. मासे पंधरा-वीस. शेवाळाने जीव नकोसा केलाय. दर रविवारी काच घासतो, दगड बाहेर काढून ब्रशने चोळतो, आठ दिवसांत पुन्हा तेच. आता अनुबियासच्या पानांच्या कडेला काळे केसांसारखे झुपके आलेत ते तर निघतच नाहीत. लाइट सकाळी ऑफिसला जाताना लावतो आणि रात्री झोपताना बंद करतो. खतामुळे शेवाळ वाढतं असं वाचलं म्हणून 2 महिने फर्टिलायझर बंद ठेवलंय. पाणी महिन्यातून एकदा बदलतो. एक मित्र म्हणतो प्लेको मासा आण, सगळं शेवाळ खाऊन टाकेल. आणू का?

उत्तर: प्लेको आधी डोक्यातून काढा. साधा प्लेको लहानपणी बोटाएवढा गोंडस दिसतो पण वाढून फुटाच्या वर जातो, तुमच्या टँकमध्ये त्याला धड वळताही येणार नाही, आणि मोठा झाला की शेवाळ कमी खातो अन् घाण भरपूर करतो.

आता खरा घोटाळा. तुम्हीच लिहिलंय बघा, सकाळी ऑफिसला जाताना लाइट चालू, झोपताना बंद. म्हणजे 14 तास तरी झाले की हो! अनुबियास आणि जावा फर्न ही मुळातच आळशी झाडं, महिन्याला एक-दोन पानं काढणार, त्यांना एवढा उजेड वापरताच येत नाही, मग तो उरलेला उजेड कोण खाणार, शेवाळच ना. पहिलं काम म्हणजे टायमर लावा आणि लाइट रोज 6 तासांवर आणा. हाताने चालू-बंद करायच्या भानगडीत पडू नका, विसरायला होतंच, माझंही व्हायचं. आणि टँकवर खिडकीतून ऊन येत असेल तर मागच्या बाजूला काहीतरी आडोसा करा.

दुसरं, खत बंद केलंत ते चुकलंच. ही चूक जवळपास सगळेच करतात, मीसुद्धा केलीये. झाड उपाशी राहिलं की जुनी पानं पिवळी पडतात, भोकं पडतात, सडायला लागतात आणि सडक्या पानावर शेवाळ सगळ्यात आधी बसतं. शेवाळाला लागतं चिमूटभर, ते माशांच्या विष्ठेतूनही भागवतं, उपाशी मरतात ती झाडं. तेव्हा बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्म्या डोसने पुन्हा सुरू करा. काचेवर घट्ट बसलेले हिरवे गोल ठिपके येत असतील, नखानेही निघत नाहीत असे, तर बऱ्याचदा फॉस्फेट (झाडांचं एक पोषक द्रव्य) कमी पडलेलं असतं, म्हणजे तिथेही उपासमारच.

पाणी महिन्यातून एकदा बदलून चालणार नाही, आठवड्याला 30 ते 40 टक्के बदला, क्लोरीन काढलेलं पाणी, आणि बदलताना तळाची घाण पाइपने ओढून घ्या. फिल्टरचा स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नळाखाली धरलात तर चांगले बॅक्टेरिया मरतात आणि अमोनिया वाढून नवीनच डोकेदुखी. खाणं पण जरा हात आखडून घाला, 2 मिनिटांत संपेल एवढंच.

ते काळे झुपके म्हणजे ब्लॅक बीअर्ड, काळी दाढी. नाव काळं असलं तरी जात लाल शेवाळाची आहे. ते पानाला असं चिकटतं की घासलं तर पान फाटेल पण दाढी हलणार नाही. जास्त खराब पानं सरळ देठापासून कापा, जीव गुंतवू नका. बाकीच्यांसाठी अनुबियास, लाकडाला बांधलेलं असेल तर लाकडासकट, बाहेर काढा, मेडिकलमध्ये मिळतं ते 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ड्रॉपरने झुपक्यांवर टाका, बारीक फेस येईल, दोनेक मिनिटं थांबा, स्वच्छ धुवा आणि परत ठेवा. दोन-तीन दिवसांत काळ्याचा रंग लालसर गुलाबी झाला की समजा मेलं. मेलेलं शेवाळ अमानो श्रिंप (छोटी कोळंबी) चवीने खातात, जिवंत काळ्याला मात्र सहसा तोंड लावत नाहीत. तुमचे मासे छोटे, शांत असतील तर चार-पाच श्रिंप सोडा.

आणि एक भराभर वाढणारं झाड टाकाच, हॉर्नवर्ट किंवा हायग्रोफिला, नाहीतर वर तरंगणारं साल्व्हिनिया, ते उजेडही अडवतं आणि पाण्यातलं नायट्रेटही ओढतं, फक्त दर आठवड्याला मूठभर काढत जा नाहीतर खाली अंधार.

रिझल्टला 4 ते 6 आठवडे द्या. शेवाळ बसलेली जुनी पानं पुन्हा चकचकीत होणार नाहीत, नजर नवीन पानांवर ठेवा, ती स्वच्छ येताहेत ना तेवढं बघा. मधेच घाबरून लाइट, खत, फिल्टर सगळं एकदम बदलू नका, मग कशाने फरक पडला तेच कळत नाही.

प्रश्न: तळाच्या वाळूवर निळसर हिरवी साय आलीये, बोटाने सहज निघते पण वास घाण येतो. यावर पण पेरॉक्साइड चालेल का?

उत्तर: हे खरं तर शेवाळच नाही, सायनोबॅक्टेरिया म्हणजे उजेडावर जगणारे जिवाणू आहेत, वासावरून लगेच ओळखू येतं. पेरॉक्साइड नको. आधी पाइपने जेवढी निघेल तेवढी साय ओढून काढा, मग 3 दिवस टँक चादरीने पूर्ण झाकून अंधार, त्या काळात एअर पंप चालू ठेवा. मासे 3 दिवस न खाता आरामात राहतात, चादर उचलून डोकावायचं नाही. चौथ्या दिवशी निम्मं पाणी बदला आणि फिल्टरच्या पाइपचं तोंड त्या कोपऱ्याकडे वळवा, कारण ही साय बहुतेक वेळा पाणी फिरत नाही तिथेच धरते.